गारेतला धूर

मायाप्पा कोळेकर निंबारीच्या मेघ-निरीक्षण केंद्रात आला तेव्हा त्याच्या काखेत कुल्फीवाल्याची थर्माकोलची पेटी होती. दारातच थांबून त्याने मुंडासे सारखे केले आणि आत बसलेल्या बाईला विचारले, "ढगातलं ओळखणारं यंत्र हितंच हाय न्हवं?"

"इथंच आहे. या, आत या," इंदुमती शेलार म्हणाली.

त्याने पेटी टेबलावर ठेवली आणि झाकण काढले. मीठ घातलेल्या बर्फात एक प्लास्टिकची पिशवी होती आणि पिशवीत लिंबाएवढ्या गारा.

"खाली माणदेशात, मासाळच्या माळावर पडल्या, गेल्या आठवड्यात," मायाप्पा म्हणाला. "आमच्या मेंढरांचा तळ व्हता तिथं. थोरला भाऊ सिदाप्पा कोकरांवर घोंगडं टाकाय धावला. डोक्यात गार बसली. त्यो उठलाच न्हाई."

इंदुमतीने त्याच्यापुढे पाण्याचा तांब्या सरकवला. त्याने तो तसाच राहू दिला.

"गारा काय आमी पयल्यांदा बघितल्या न्हाईत, ताई. पर ह्या वाटीत ठेवल्या, इतळल्या, आन खाली काळं बसलं. वासबी जळकाच. आमची म्हातारी म्हनती देवाचा कोप. म्या म्हनलं, देवाच्या गारंत धूर कशाला आसंल?"

"परवा या," इंदुमती म्हणाली. "सांगते काय निघतं ते."

"खरं सांगशीला न्हवं?"

या प्रश्नाचा तिला थोडा राग आला. चौदा वर्षे ती या केंद्रात उपकरणे सांभाळत होती आणि तिच्या आकड्यांवर अजून कुणी शंका घेतली नव्हती. "खरंच सांगते," ती म्हणाली.

निंबारीचे पठार सह्याद्रीच्या माथ्यावर, कड्यापासून थोडे आत. पश्चिमेला कोकणात उतरणारे जंगल, पूर्वेला पायऱ्यापायऱ्यांनी माणदेशाकडे उतरत जाणारा मुलूख. उन्हाळ्यात समुद्रावरून येणारा दमट वारा कडा चढून वर येतो, तापलेल्या पठारावर उचलला जातो आणि दुपारपर्यंत त्याचे ढग होतात. त्यांची नाडी बघायला अंबुवर्धन नावाच्या संस्थेने हे केंद्र उभारले होते. रोज दुपारी इंदुमती पतंगाएवढे एक ड्रोन ढगात सोडायची. गावातली माणसे त्याला हुंग्या म्हणत. नाव अगदी बरोबर होते, कारण ते यंत्र ढग हुंगतच असे. ढगातले थेंब एका नळीत ओढून घ्यायचे, लेसरच्या प्रकाशात त्यांचे आकार मोजायचे, मग पाणी उडवून टाकून प्रत्येक थेंबाच्या पोटात काय होते ते तपासायचे.

थेंबाच्या पोटात काहीतरी असावेच लागते. नुसत्या वाफेचा थेंब होत नाही. तिला बसायला कण लागतो, मग तो मातीचा असो, समुद्राच्या मिठाचा असो, नाहीतर धुराचा. हवेत कण मोजके असले की प्रत्येकाच्या वाट्याला भरपूर पाणी येते, थेंब मोठे होतात, एकमेकांवर आदळून एक होतात, जड होतात आणि खाली पडतात. तोच पाऊस. पण झाडपाला जळला की त्याच्या धुरातून कोट्यवधी बारीक कण वर जातात. पाणी तेवढेच आणि वाटेकरी पुष्कळ. मग थेंब बारीक राहतात, एकमेकांना चुकवत तरंगतात, पडत नाहीत. ढग भरलेला असतो, पण तो बरसत नाही, वाऱ्याबरोबर पुढे जातो.

इंदुमतीने एका गारेची चकती कापली. गारेला आतून कांद्यासारखे पापुद्रे असतात आणि प्रत्येक पापुद्रा वेगळ्या उंचीवर धरलेला असतो. तिने अगदी मधला भाग घेतला आणि हुंग्याच्या तपासनळीत घातला.

धूर होता, आणि तोही भरपूर. लाकूड जळताना एक साखरेसारखा पदार्थ तयार होतो, तो होता. गवतापेक्षा झुडपाचा धूर असल्याचे पोटॅशियमच्या प्रमाणावरून दिसत होते. आणि त्याबरोबर एक चिकट, उग्र द्रव्य होते, जे या डोंगरात एकाच झुडपाच्या पानांत सापडते. घाणेरी. गुलाबी-पिवळ्या फुलांची, काटेरी खोडाची, सगळे जंगल गिळत चाललेली घाणेरी.

तिने चाचणी पुन्हा केली. दुसरी गार कापली. तेच निघाले.

घाणेरी जंगलातून उपटून काढायचे काम या भागात एकाच माणसाकडे होते. वनसफाईचा मुकादम जयसिंग शेलार. तिचा नवरा.

जेवताना तिने सहज विचारल्यासारखे विचारले, "अहो, घाणेरीचे ढीग अजून पडलेत का कड्याकडं?"

"हायेत की. का?"

"जाळत नाही का?"

"मे महिन्यात?" जयसिंगने भाकरीचा तुकडा मोडला. "बंदी हाय. एक ठिणगी उडाली तर अख्खं रान जाईल. थंडीत जाळतो आम्ही, तुला ठाऊक हाय."

त्याने हे बोलताना वर बघितले नाही. वीस वर्षांच्या संसारात तो जेवताना नेहमी वर बघूनच बोलायचा असे नव्हते. पण त्या दिवशी तिला ते जाणवले, आणि जाणवल्याबद्दल स्वतःचीच थोडी लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी कपडे धुवायला टाकताना तिने त्याचा शर्ट नाकाशी नेला. घाणेरीचा धूर लपत नाही. तो घशात बसतो. तिने शर्ट खाली ठेवला, पुन्हा उचलला, पुन्हा वास घेतला. मग तो धुण्याच्या यंत्रात टाकला आणि आपण काय केले ते कुणी बघितले नाही ना म्हणून मागे वळून पाहिले.

त्या दुपारी आभाळ भरू लागले होते. दीड वाजता तिने हुंग्या सोडला. ढगाचा पाया पठारापासून सोळाशे चाळीस मीटरवर होता. थेंब स्वच्छ होते आणि भराभर वाढत होते. थेंबाची त्रिज्या चौदा मायक्रॉनच्या पुढे गेली की ढग पाऊस धरायला लागतो, हे तिला अनुभवाने पाठ होते. ढगाच्या वरच्या अंगाला आकडा तेराच्या आसपास होता. आणखी तासाभराने निंबारीवर वळीव पडायला हरकत नव्हती. तीन वर्षे तो नीट पडलेला नव्हता. उन्हाळ्यातही न आटणारे पठारावरचे झरे आता मार्चमध्येच आटत होते.

तिने अहवाल पाठवला, हुंग्याला उतरवले आणि स्कूटर काढली.

कड्याकडच्या वाटेवर तिने स्कूटर करवंदीच्या जाळीमागे उभी केली आणि पुढे चालत गेली. उतारावर ठिकठिकाणी वाळलेल्या घाणेरीचे ढीग रचलेले होते, माणसाच्या दुप्पट उंचीचे. तीन ढिगांपाशी माणसे उभी होती. मधल्या खडकावर जयसिंग होता. त्याने फोन कानाला लावला, ऐकला, खिशात घातला. एकदा आभाळाकडे पाहिले. मग हात वर करून खाली आणला.

तिन्ही ढीग एकदम पेटले.

वारा पडला होता. धूर आडवा पसरलाच नाही, तीन खांबांसारखा सरळ वर गेला आणि ढगाच्या पोटात शिरला. माणसे आगीभोवती ओल्या फांद्या घेऊन उभी होती. कुणी घाबरले नव्हते, कुणी ओरडत नव्हते. रोजचे काम असावे तसे चालले होते. इंदुमती जाळीमागे बसून राहिली. तासाभराने ढग तिच्या डोक्यावरून पूर्वेला निघून गेला. काळा, गच्च, आणि एक थेंबही न टाकता.

संध्याकाळी जयसिंग घरी आला तेव्हा ती ओसरीत बसून होती.

"आज कड्यावर गेले होते," ती म्हणाली.

जयसिंगने चपला काढल्या, सावकाश भिंतीशी लावून ठेवल्या. "माझ्या मागं मागं आलीस?"

"तुम्ही खोटं बोललात."

"लिहून घेतलंय माझ्याकडनं. कुठं बोलायचं न्हाई म्हणून. परवानगी हाय, इंदू. खास परवानगी. प्रयोग म्हणून."

"कसला प्रयोग?"

"वणव्याचा. ढग डोक्यावर असला, हवा ओली असली की आग पसरत न्हाई. तेवढ्या वेळात ढीग जाळून मोकळं व्हायचं. वरनं निरोप येतो, आमी पेटवतो."

"वरून म्हणजे कुठून?"

"कंपनीकडनं. फोनवर यंत्रच बोलतं. कोणता गट, किती ढीग, किती वाजता."

"आज काय बोललं?"

"तुला कशाला पायजे?"

"सांगा तर."

जयसिंगने तिच्याकडे निरखून पाहिले. ती आपल्याला कशात अडकवू पाहते आहे की काय, असा त्याचा चेहरा झाला होता. मग तो पाठ केल्यासारखे म्हणाला, "पाया सोळाशे चाळीस. वारा पश्चिमेचा. गट सात, नऊ, बारा. अडीच वाजता."

सोळाशे चाळीस. हा आकडा त्या दुपारी साऱ्या जगात एकाच ठिकाणी मोजला गेला होता. तिने मोजला होता. तो अहवाल तालुक्यातल्या शेतकऱ्यांना हवामानाचा अंदाज सांगण्यासाठी जातो, असे ती चौदा वर्षे समजत होती.

"तो माझा आकडा आहे," ती म्हणाली.

"कसला?"

"ढगाचा पाया. मी दीडच्या सुमारास मोजून पाठवला. तासाभरात तो तुमच्या फोनवर आला. अहो, ढग पाऊस द्यायच्या बेतात आहे हे मी कळवते, आणि ते कळलं की तुम्ही त्यात धूर सोडता. मग तो इथं पडत नाही. पुढं जातो, उंच वाढतो, आणि पडतो तेव्हा गारा होऊन पडतो."

तिने त्याला सगळे नीट सांगितले. धुराने बारीक झालेले थेंब खाली येत नाहीत, हवेबरोबर वर वर जातात. गोठणबिंदूच्या वर गेले की त्यांचा बर्फ होतो. पाण्याचा बर्फ होताना उष्णता बाहेर पडते, त्या उष्णतेने ढग आणखी जोराने वर उसळतो. इथे शांतपणे पडून गेला असता असा पाऊस मग तिथे वादळ होतो. आणि मासाळच्या माळावर सिदाप्पा नावाचा माणूस मेला, हेही तिने सांगितले.

जयसिंग पायरीवर बसला. मग म्हणाला, "म्हणजे मी तुझ्याच सांगण्यावरनं पेटवत होतो म्हणायचं."

ती उठून ओसरीतला दिवा लावायला गेली.

"का तुला आधीपास्नं ठाऊक हुतं?" त्याने विचारले.

"काय बोलताय?"

"तू माझ्यावर पाळत ठेवलीस. मग म्या इचारायचं न्हाई का?"

केंद्राच्या संचालिका डॉ. सुलक्षणा दामले महिन्यातून एकदा पुण्याहून निंबारीला येत. या वेळी त्या आधीच आल्या, आणि इंदुमतीने काही विचारायच्या आत त्यांनीच विचारले, "ती गार कुणाची होती?"

गारेची चाचणी तिने कुणालाही कळवली नव्हती. हुंग्याची तपासनळी आपले निकाल आपणच पुण्याला पाठवते हे तिच्या तेव्हा लक्षात आले.

"एका धनगराची, मॅडम. त्याचा भाऊ गेला."

"वाईट झालं." डॉ. दामल्यांनी चष्मा काढून पुसला. "इंदुमती, तुम्ही हुशार आहात. तुम्हाला कळलंच असेल. मी लपवत नाही. मासाळचा तलाव भरला तर खालची चार गावं आणि एक औद्योगिक वसाहत वर्षभर पाणी पिते. निंबारीवर पडलेला पाऊस दोन तासांत कड्यावरून कोकणात वाहून जातो. आपण पाऊस मारत नाही. जिथे साठेल तिथे नेतो."

"इथले झरे आटलेत."

"झरे दर काही वर्षांनी आटतातच."

"आणि गारा?"

"गारा आधीही पडायच्या. एका गारेवरून काही सिद्ध होत नाही. तुम्ही शास्त्र शिकला आहात. एखाद्या दिवशी धूर सोडला आणि पाऊस पडला नाही. सोडला नसता तर पडलाच असता, हे तुम्ही शपथेवर सांगू शकाल?"

इंदुमतीला ते शपथेवर सांगता आले नसते. ढग दुसऱ्यांदा तसाच येत नाही. एकाच ढगावर दोन्ही करून बघता येत नाही.

"पण तुम्ही कुणाला विचारलं नाहीत," ती म्हणाली. "इथल्यांना नाही, तिथल्यांनाही नाही."

डॉ. दामले उठल्या. जाताना त्या अगदी आपुलकीने बोलल्यासारख्या बोलल्या. "जाळण्याच्या प्रत्येक कामावर मुकादम म्हणून सही कुणाची आहे, ते एकदा घरी विचारा. तोंडी परवानगी कोर्टात चालत नाही; बंदी असताना जाळलं, म्हणजे गुन्हा. प्रश्न निघाला तर पोलीस आधी त्याच्याकडेच जातील. माझ्यापर्यंत यायला त्यांना फार वेळ लागेल."

इंदुमतीने हे नवऱ्याला शब्द न बदलता सांगितले. तो ऐकून घेऊन म्हणाला, "म्हणजे आत मी जाणार."

"मी अजून कुणाला काही बोलले नाहीये."

"बोलणार हायस का?"

"तुम्ही सांगा."

"मी काय सांगू? आठ माणसांची पोटं हायत माझ्यावर." आणि तो आतल्या खोलीत गेला.

पुढचे दिवस घरात दोन परकी माणसे राहत असावीत तसे गेले. सकाळी निघताना तो वळणावर थांबून मागे बघायचा. ती येते आहे का हे बघत असावा. तो आंघोळीला गेला की ती त्याच्या फोनकडे बघायची, हात मात्र लावायची नाही. तो कुणाशी हळू बोलला की तिला वाटे, पुण्याला बोलतो आहे. ती केंद्रात उशिरापर्यंत थांबली की त्याला वाटे, ती कागदपत्रे गोळा करते आहे. दोघांनाही तसे वाटते आहे हे दोघांना कळत होते.

मायाप्पा ठरल्या दिवशी आला होता. तिने त्याला सांगितले, यंत्र नीट चालत नाही, आणखी थोडे दिवस द्या. त्याने तिच्याकडे नुसते पाहिले. "बरं," म्हणाला आणि गेला. त्याच्या त्या बघण्याने ती रात्रभर तळमळली.

दुसऱ्या दिवशी तिने हुंग्याची दोन पाती काढून कपाटात ठेवली आणि पुण्याला कळवले, ड्रोन नादुरुस्त आहे, भाग मागवा. आकडे गेले नाहीत. आकडे गेले नाहीत म्हणून कड्यावर निरोपही आला नसणार. खात्री मात्र नव्हती. पुण्याहून दुसरी काही सोय केली असेल, जयसिंग अजूनही पेटवत असेल, हे सगळे शक्य होते.

तिसऱ्या दिवशी रविवार होता. दोघे घरीच होते. गच्चीवर तिने कुरडया वाळत घातल्या होत्या. दुपारी पश्चिमेकडून ढग वर आले, पण गेली तीन वर्षे ते असेच येत आणि जात, म्हणून तिने लक्ष दिले नाही. ऊनही अजून होते. ती चहा टाकत होती तेव्हा तिला गच्चीवर पावले ऐकू आली. ती जिन्यापाशी गेली.

जयसिंग कुरडयांची चादर चारी बाजूंनी गोळा करत होता. सावकाश, एकही कुरडई मोडू न देता.

"कशाला काढताय?" तिने विचारले.

"येतोय," तो म्हणाला.

"कशावरून?"

त्याने उत्तर दिले नाही. चादर उचलून तो तिच्या अंगावरून खाली आला. पाऊण तासाने पाऊस आला. दणकून आला. शेजारची पोरे रस्त्यावर आली, सरपंच छत्री न घेता चौकात उभे राहिले, कुणीतरी देवळातली घंटा वाजवली. शेलारांच्या ओसरीवर दोघे एकमेकांपासून हातभर अंतरावर उभे होते आणि पन्हळीतून पडणाऱ्या पाण्याकडे बघत होते.

एका सरीवरून काही सिद्ध होत नाही, हे इंदुमतीला माहीत होते. ती पावसाचा विचार करतच नव्हती. आज पेटवायचा निरोप नाही, म्हणजे आज पाऊस पडणार, हे त्याला कुणी सांगितले होते? त्या संध्याकाळी ओसरीत तिने धुराचे सगळे सांगितले होते, खरे. त्यावरून त्याने आज ताडले असेल. किंवा तीन वर्षे खडकावर उभा राहून, पेटवल्यावर ढग कसा पुढे जातो ते बघत आला असेल, आणि त्याला आधीपासूनच ठाऊक असेल. तिला ठरवता येईना. तिने त्याला विचारलेही नाही.

पाऊस थांबल्यावर तोच म्हणाला, "त्या धनगराला बोलाव."

मायाप्पा आला. जयसिंगने त्याला पाट दिला, "बसा पाव्हणं," म्हणाला आणि स्वतः दाराशी उभा राहिला. इंदुमतीने चहा ठेवला. मग सांगायला सुरुवात केली. गारेत काय निघाले, ते कशाचा धूर आहे, तो धूर ढगात शिरल्यावर काय होते. तिचे संपल्यावर मायाप्पाने एकच विचारले, "कुणी केलं?"

"करवून घेणारे पुण्यात आहेत. त्यांची नावं मी देते," इंदुमती म्हणाली. "पेटवणारे माझे मालक. हे उभे आहेत ते. आणि ढग कधी तयार झाला ते कळवणारी मी. मला माहीत नव्हतं कशासाठी, पण आकडा माझाच होता."

मायाप्पाने आधी जयसिंगकडे पाहिले, मग तिच्याकडे.

"परवा मशीन बिघडलंय म्हनालीस ते?"

"खोटं होतं."

"हां." तो उठला. चहाला त्याने हात लावला नव्हता. "हे समद्यांम्होरं सांगावं लागंल. मला एकट्याला सांगून भागायचं न्हाई."

"सांगेन," ती म्हणाली.

"तुमी?" त्याने जयसिंगला विचारले.

"सांगतो," जयसिंग म्हणाला.

मायाप्पाच्या चेहऱ्यावर विश्वास बसल्याची कुठलीही खूण नव्हती. त्याने मुंडासे नीट केले आणि पायऱ्या उतरून गेला.

सांगितल्यावर जे व्हायचे ते झाले. अंबुवर्धनचे काम थांबवले गेले, केंद्राला कुलूप लागले, जयसिंगला अटक होऊन जामीन मिळाला. डॉ. दामल्यांनी आपण फक्त संशोधन करत होतो असा जबाब दिला. चौकशी समिती नेमली गेली. पण कुणाला अपेक्षित नव्हते असेही काही झाले. थेंबाच्या पोटातला धूर ओळखता येतो, ही गोष्ट गावोगाव पोहोचली. मग माणदेशातल्या गावांनी वर्गणी काढून आपापले हुंगे विकत घेतले. कुणी बांध पेटवला, कुणी उसाचे पाचट जाळले, कुणी भाताच्या रोपांसाठी राब भाजला, की पुढच्या गावातून फोन यायचा, आमचा पाऊस तुम्ही अडवलात. पूर्वी पाऊस पडला नाही तर माणसे आभाळाकडे बघत. आता शेजारच्या गावाकडे बघू लागली. इंदुमतीकडे चार गावांची माणसे येऊन गेली. आमच्याकडून यंत्र चालवा, म्हणाली. ती नाही म्हणाली. तिलाही कुणीतरी फोडले असणार, असे जाताना त्यांच्यातला एकजण मोठ्याने म्हणाला.

समितीपुढे साक्षी साताऱ्यात झाल्या. नवराबायकोला वेगवेगळे बोलावले. जयसिंग आधी आत गेला आणि लवकर बाहेर आला. इंदुमतीला बराच वेळ लागला. अध्यक्ष निवृत्त न्यायाधीश होते, शांत आवाजात बोलत. आकडे, वेळा, चाचण्या, सगळे विचारून झाल्यावर त्यांनी कागद बाजूला ठेवले.

"बाई, शेवटचा प्रश्न. धुराने पाऊस पुढे जातो हे तुमच्या पतींना माहीत होतं का?"

तिच्या वकिलाने तिला सांगून ठेवले होते, 'नाही' एवढेच म्हणा. त्या एका शब्दावर जयसिंगची शिक्षा निम्म्याने कमी होईल. इंदुमतीने तोंड उघडले. चौदा वर्षे तिने न मोजलेला आकडा कधी लिहिला नव्हता.

"मला माहीत नाही," ती म्हणाली.

बाहेर जयसिंग मोटारसायकलपाशी उभा होता. दोघे निघाले. घाट सुरू व्हायच्या आधी त्याने गाडी एका झाडाखाली थांबवली.

"तुला माझ्याबद्दल इचारलं?"

"हो. तुम्हाला माहीत होतं का, म्हणून."

"मग?"

"मला माहीत नाही म्हटलं."

त्याने मान हलवली. रस्त्यावरून दोन-चार गाड्या गेल्या. "मला तुझ्याबद्दल इचारलं," तो म्हणाला. "मी म्हटलं, तिला काय ठाऊक नव्हतं."

"ते खरंच आहे."

"असंल. मी काय इचार करून बोललो न्हाई."

इंदुमती गाडीवरून उतरली. इतक्या महिन्यांत जे विचारले नव्हते ते तिने आता विचारले. "तुम्हाला माहीत होतं का?"

जयसिंग घाटाकडे तोंड करून उभा राहिला.

"पयल्या वर्षी न्हवतं," तो म्हणाला. "दुसऱ्या वर्षी कधीतरी वाटलं, आपण पेटवलं की ह्यो पुढं जातो. मग म्हटलं, आपल्याला काय कळतंय. तिथनं पुढं मी वर बघायचंच सोडलं. आता ह्याला माहीत हुतं म्हणायचं का न्हवतं म्हणायचं, ते मलाबी सांगता येत न्हाई, इंदू."

त्याने गाडी सुरू केली. ती मागे बसली. पहिल्या वळणावर गाडी कलली तेव्हा तिने आधाराला त्याच्या खांद्यावर हात ठेवला, आणि वळण संपल्यावर तो काढून घेतला नाही.